बेचाळिसावा शब्द

हे लिहिणारच नव्हतो. फाइल तीनदा उघडली, नाव दिलं, बंद केली. काल जमीरच्या दुकानातून घरी आलो आणि चौथ्यांदा उघडली. आता बंद करत नाही. जसं आठवेल तसं टाइप करतोय. मागं जाऊन नीटनेटकं करणार नाही, कारण नीटनेटकं करायला बसलो की मी काय काय खोडतो ते मला चांगलं माहीत आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डेअरीच्या पॅनेल रूममध्ये तात्या फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि मी त्यांच्यासमोर दोनशे पानी वही उघडून.

"लिही," तात्या म्हणाले. "भर."

"भर म्हणजे?"

"भर म्हंजे भर. टाकी भर. ह्यात म्हंजे काय आलं?"

"कुठनं भरायची, कितीपर्यंत भरायची?"

"ते मी सांगीन की. तू शब्द लिही."

कोपऱ्यात स्टुलावर बसून जमीर वायरी सोलत होता. तो मान वर न करता म्हणाला, "तात्या, ह्याला लग्नात वाढपी केला तर हा जिलेबीचा व्यास विचारील."

तात्या खदाखदा हसले. मी पण हसलो. आणि लिहिलं. भर. रिकामी कर. गरम कर. धू. थांब. गार ठेव.

तात्या म्हणजे बापूसो चौगुले. दुधाच्या टाक्यांवर एकतीस वर्षं. जमीर मुल्ला डेअरीचा वायरमन आणि माझा दोस्त, पाचवीपासून एका बाकावर. मी सम्मेद. इंजिनिअर नाही. बारावीनंतर बापाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत प्रोग्रॅमिंग शिकलो. जमीरनंच मला डेअरीत आणलं होतं. डेअरीचं नाव घालत नाही, कृष्णाकाठची होती एवढं पुरे.

काम असं होतं. तिथं पूर्वी सगळे वॉल्व्ह हातानं फिरवायचे. दांडा धरायचा, ओढायचा. ते काढून हवेवर चालणारे नवे वॉल्व्ह बसवले होते, कॉम्प्युटरवरनं उघडणारे. पण कॉम्प्युटरला काही नवं सांगायचं झालं की पुण्याहून इंजिनिअर यायचा, आणि तो यायला पंधरा दिवस. मॅनेजर देशिंगकर साहेब वैतागले होते. मी म्हटलं, साहेब, मी एक छोटी भाषा बनवतो. मोठी नाही, एवढ्याच कामापुरती. स्क्रीनवर टाकी ओढून ठेवायची, पाइप जोडायचा, आणि चित्राखाली सरळ मराठीत लिहायचं: टाकी तीन रिकामी झाली की धू. तात्या लिहितील, यंत्र करेल. मधे इंजिनिअर नको, मी पण नको.

हे 'मी पण नको' म्हणताना मला फार भारी वाटलं होतं.

तीन दिवस तात्या बोलले आणि मी लिहिलं. चाळीस शब्द झाले. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता तात्या म्हणाले, "आणि बूट लिही."

"बूट?"

"गमबूट. माणूस टाकीत उतरायचा झाला की एक बूट काढायचा आणि वॉल्व्हच्या दांड्यावर उलटा घालायचा. दांड्यावर बूट दिसला की त्या वॉल्व्हला कुणी हात लावायचा न्हाय. एकदा चेअरमन आलं होतं बघायला, त्यांनी गंमत म्हणून बूट उचलला. मी त्यांचा हात धरला."

"चेअरमनचा?" जमीर म्हणाला.

"चेअरमनचा. दोन बायकांनी टाकी घासायला घेतलेली आत."

टाक्या उभ्या, दोन मजली उंच, स्टीलच्या. बुडाशी एक गोल झाकण, माणूस वाकून आत जाईल एवढं. धुणं लागलं की आधी वरनं थंड पाणी पडतं, मग सोड्याचं. सोड्याचं पाणी उकळीच्या जरा अलीकडचं असतं, आणि कातडी काय, स्टीलवरचा थर पण सोडवतं.

मी वहीत लिहिलं: बूट. मग पेन टेकवून बसलो.

"तात्या, ह्याला वायर नाही."

"कशाला?"

"बुटाला. बघा, माझा नियम असा आहे की प्रत्येक शब्दामागं एक वायर पाहिजे. 'रिकामी' म्हटलं तर तळाचा प्रोब, ती पाणी लागलं की कळवणारी सळई, सांगतो रिकामी आहे. 'गरम' म्हटलं तर थर्मामीटर सांगतो. बूट कोण सांगणार?"

"मी सांगीन."

"तुम्ही विसरलात तर? मग यंत्र कायम बूट आहे समजून अडून बसेल. ज्याची खात्री नाही ते भाषेत घ्यायचं नाही."

तात्यांनी कपातला तळाचा चहा हलवला. "मग आत माणूस हाय हे यंत्राला कसं सांगायचं?"

"आत माणूस असला तर तुम्ही 'धू' असं सांगायचंच नाही. झालं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू शिकलेला. बघ बाबा."

मी शिकलेला नव्हतो. पण मला कुणीतरी पहिल्यांदाच तसं म्हटलं होतं. मी 'बूट'वर आडवी रेघ मारली. एकच रेघ, पट्टीनं मारावी तशी सरळ.

जमीर म्हणाला, "झाकणाला स्विच बसवला तर? झाकण उघडं असलं की पाणीच सुटायचं नाही. मग मिळंल तुला वायर."

ते त्यानं साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात.

पुढचे दिवस मजेत गेले, हे पण सांगितलं पाहिजे. तात्या एका बोटानं टाइप करायचे. एक अक्षर दाबलं की स्क्रीनकडं बघायचे, ते खरंच आलंय का. पहिला नियम त्यांनी लिहिला आणि बाहेर, काचेपलीकडं, टाकी एकचा वॉल्व्ह फस्स करून उघडला. तात्या उठून उभे राहिले.

"माझं ऐकलं त्यानं."

"तुमचंच ऐकणार, तात्या."

"कुणी लिवलं ते कळतंय काय त्यात?"

ते मी त्याच संध्याकाळी घातलं. प्रत्येक नियमाखाली बारीक अक्षरात: लिहिणार, बापूसो चौगुले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पाळीला बोलावून ते दाखवलं. घरी पोरीला फोटो पाठवला.

मग एक अडचण आली. तळाच्या प्रोबवर दुधाचा थर धरायचा आणि तो खोटं सांगायचा, की टाकीत पाणी साचलंय. त्याबरोबर धुणं मधेच अडायचं. प्रोब साफ केला की पुन्हा पहिल्यापासनं सगळं. तासभर जायचा, आणि बाहेर संध्याकाळच्या दुधाचे टँकर हॉर्न मारत उभे.

"पहिल्यापासनं कशाला?" तात्या म्हणाले. "जिथं अडलं तिथनं न्हाय व्हायचं?"

"होईल की. नवीन शब्द देतो तुम्हाला. 'पुढं चालव'."

एक्केचाळिसावा शब्द. तात्यांनी लगेच बसून नियम सतरा लिहिला. मी मागं उभा राहून एकेक अक्षर कुठं आहे ते दाखवलं. धुणं अडलं असेल आणि प्रोब नीट झाला की पुढं चालव.

खाली नाव आलं. बापूसो चौगुले.

पंधरा दिवस नियम सतरा सुरळीत चालला. त्या पंधरा दिवसांत प्रोब जेव्हा जेव्हा अडला तेव्हा बाहेरनं ठोकून किंवा वायर हलवून तो नीट झाला. आत कुणाला जावं लागलं नाही.

गुरुवार होता. दुपारचे सव्वादोन. देशिंगकर साहेब दुसऱ्या एका डेअरीचे दोन पाहुणे घेऊन पॅनेल रूममध्ये आले होते. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एक पाहुणा उंच होता, तो प्रत्येक वाक्यानंतर "अच्छा" म्हणायचा. मी त्यांना चित्र दाखवत होतो. हिरवी टाकी म्हणजे भरलेली, निळी म्हणजे धुणं चालू, पिवळी म्हणजे अडलेली.

टाकी तीन पिवळी होती.

"ही का पिवळी?" साहेबांनी विचारलं.

"प्रोब, सर. थंड पाणी होऊन गेलंय, सोड्याच्या आधी अडलंय."

काचेवर टकटक झाली. पलीकडं जमीर. हातात घासणी आणि बॅटरी. काच जाड, आवाज येत नाही. त्यानं बोटानं टाकी तीन दाखवली, मग खाली, मग घासणी हलवली. मी अंगठा वर केला. त्यानं पाहुण्यांकडं बघून मला डोळा मारला, म्हणजे कर लेका शायनिंग, आणि गेला.

त्याचा डोळा मारायचा डोळा डावा होता.

आता मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी पाहुण्यांना म्हणालो, "आता बघा. आमचा वायरमन प्रोब साफ करायला गेलाय. तो साफ झाला की धुणं आपोआप पुढं चालू होईल. कुणीही बटण दाबणार नाही. आणि हा नियम आमच्या ऑपरेटरनं स्वतः लिहिलाय, मराठीत."

"अच्छा," उंच पाहुणा म्हणाला.

आम्ही चौघं स्क्रीनकडं बघत उभे राहिलो. एक मिनिट गेलं असेल. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, जमीर आवर लवकर.

टाकी तीन निळी झाली.

आणि मी हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाहुणे "वा" म्हणाले, साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी हसलो.

मग काचेतनं बघितलं. नव्या वॉल्व्हना दांडा नसतो. डोक्यावर एक चपटी टोपी असते, बस. जमीरनं बूट त्या टोपीवर उलटा ठेवला होता. वॉल्व्ह उघडला की टोपीच्या मधनं बोटाएवढी एक दांडी वर येते. ती दांडी आतनं बुटाला ढकलत होती. बूट हळूहळू कलला. आणि पडला.

स्क्रीनवर 'थांब' होतं. माझा हात माऊसवर होता. मी 'थांब' शोधत होतो. माझ्या भाषेत, मी बनवलेल्या स्क्रीनवर, मला तो सापडत नव्हता.

तात्या दोन टाक्या पलीकडं होते. बूट पडल्याचा आवाज आला म्हणतात. त्यांनी टाकीकडं बघितलंच नाही, सरळ भिंतीकडं धावले आणि हवेचा मुख्य पाइप कॉकसकट उपटला. हवा गेली की सगळे वॉल्व्ह मिटतात. सगळ्या डेअरीत एकदम फस्स झालं आणि मग शांत. त्या शांततेत टाकीच्या आतनं जमीरचा आवाज येत होता. तो कसा होता ते लिहीत नाही.

तात्यांनी त्याला पायाला धरून ओढून काढलं आणि थंड पाण्याच्या पाइपाखाली धरलं. अँब्युलन्स येईपर्यंत, वीस मिनिटं, सोडलं नाही. स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलले होते, ते त्यांना नंतर कळलं.

पाठ, मान, डावा कान. डावा डोळा गेला.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी. डेअरी चालवणाऱ्या कंपनीकडनं दोन माणसं आली होती. टेबलावर छापील कागद, माझ्याच प्रोग्रॅमनं काढून दिलेले. तात्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधून बसलेले. मी त्यांच्या शेजारी, मांडीवर बॅग. बॅगेत वही.

"नियम सतरा," त्यातला एक म्हणाला. "खाली नाव आहे बापूसो चौगुले. हा तुम्ही लिहिला?"

"व्हय."

"कुणी सांगून लिहिला?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आज वाटतं, बघितलं असतं तर मी बोललो असतो. पण ते पण खोटंच असेल.

"कुणी कशाला सांगतंय," तात्या म्हणाले. "मीच लिवला. माझं ऐकत होतं ते."

"माणूस आत असू शकतो हे तुमच्या लक्षात आलं नाही? एकतीस वर्षं काम करताय."

तात्यांनी पट्ट्या बांधलेले हात टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "बुटाचं ध्यानात राहायला पायजे होतं."

त्या दोघांना ते कळलं नाही. त्यांनी लिहूनही घेतलं नाही. मला कळलं. माझी बोटं बॅगेच्या चेनवर होती. चेन मी अर्धी उघडली होती, हे नक्की आठवतं. मग एकानं माझ्याकडं वळून विचारलं, "सॉफ्टवेअरमध्ये काही दोष?"

"नाही," मी म्हणालो. "जे लिहिलं तेच त्यानं केलं."

हे खरं होतं. त्या खोलीत बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तेच असेल. मी चेन बंद केली.

तात्यांना घरी बसवलं. दोन वर्षं राहिली होती नोकरीची.

झाकणांना स्विच महिन्याभरात लागले. आणि मी भाषेत बेचाळिसावा शब्द घातला. बूट. टाकीत उतरणारा स्क्रीनवर टाकीला बूट लावतो, आणि तोच माणूस परत येऊन काढेपर्यंत यंत्र त्या टाकीपुरतं काही म्हणजे काही ऐकत नाही. त्यामागं वायर नाही. भाषा आता पाच डेअऱ्यांत चालते. बाकी सगळं विसरतात, पण बुटाचं कौतुक करतात. काय कल्पना आहे, म्हणतात, कुणाला सुचली? मी म्हणतो, कामातनं सुचत जातं.

काल जमीरच्या दुकानात गेलो होतो. तो आता मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळतो. एका डोळ्यानं त्याची तार बाकीच्यांपेक्षा सरळ बसते, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. मी वही नेली होती. का नेली माहीत नाही. चार वर्षं ती कपाटात कपड्यांच्या खाली होती, आणि आठ दिवसांपूर्वी आईनं रद्दीत काढली. मी रद्दीवाल्याच्या तराजूवरनं उचलून आणली.

पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. तार गुंडाळता गुंडाळता त्यानं मान वाकडी करून बघितलं.

"मग?"

"मी खोडला होता. तात्यांनी सांगितला होता शब्द. चौकशीत वही माझ्याजवळ होती."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"अरे लेका, मी तिथंच बसलेलो की स्टुलावर. वायरी सोलत." त्यानं तार दातानं तोडली. "एक त्यांचा खोडलास, एक तुझा घातलास. मोजायला मला शाळा लागत नाही."

बाहेर एक माणूस पंप घेऊन आला, जमीरनं त्याला संध्याकाळी ये म्हणून सांगितलं.

"मग बोलला का नाहीस चार वर्षं?"

"मी काय बोलू? मला पण माहीत होतं ना, तुझ्या यंत्राला बूट कळत नाही. तरी ठेवला आणि गेलो. स्क्रीनवर थांबलंय म्हणजे थांबलंय, असं वाटलं. माझ्या डोळ्याचा हिशेब मी केलाय, तो सोड." त्यानं मोटार बाजूला सारली. "तात्यांकडं गेलास कधी?"

"नाही."

"दर ईदला येतात ते. सकाळी सगळ्यात आधी. शिरखुर्मा पितात, अम्मीशी बोलतात, माझ्या पोरीला फुगा आणतात. आणि कायम माझ्या उजव्या बाजूला बसतात. एकदा ती खुर्ची भरलेली होती, तर खाली बसले, पण उजवीकडंच. डावीकडनं बघवत नाही त्यांना मला."

"तू त्यांना सांगायचंस की, त्यांची चूक नव्हती."

"सांगितलं. दहादा सांगितलं. ते म्हणतात, तू मनाचा मोठा हायस." जमीरनं वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "मी सांगून होत नाही, सम्या. त्यांना वाटतं, बुटाचं ते विसरले. म्हातारा माणूस, खरंच आठवत नसंल. चार वर्षं तो माणूस स्वतःला विचारतोय की मी सांगितलं कसं नाही. आणि त्यांनी सांगितलेलं ह्या वहीत लिहिलेलं आहे, तुझ्या अक्षरात."

"ते मला दारात उभं करणार नाहीत."

"नाही करणार कदाचित. तरी वाच त्यांच्यासमोर. शब्द वाच, रेघ दाखव, केबिनमधलं पण सांग."

"आणि मग डेअरीची कंपनी? त्या पाच डेअऱ्या?"

"ते तू बघ."

मी उठलो. चपला घातल्या. तो पुन्हा मोटार मांडीवर घेत म्हणाला, "ईद बाराला आहे. ह्या ईदला तात्या माझ्या डावीकडं बसले पाहिजेत."

तो बोलत असताना मी त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो. चार वर्षं मी पण तिथंच उभा राहत आलोय, हे मला तेव्हा दिसलं. मी दुकानाच्या फळीला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला मी दिसत नव्हतो, म्हणून मोठ्यानं म्हणालो.

"बसतील. रविवारी वही घेऊन जातो."